कमी आवाजाचा, छोटा आणि परवडणारा गेमिंग पीसी: आधी वॉट ठरवा, मग पार्ट निवडा

गेमिंग पीसी घ्यायला गेलं की दुकानात आधी कॅबिनेट दाखवलं जातं. समोर काच, बाजूला काच, आत रंग बदलणारे सहा फॅन. पीसीला स्वतंत्र खोली असेल तर हेही चालून जातं. पण वन बीएचकेच्या हॉलमध्ये, जिथे रात्री अकरानंतर घरातले तिथेच गाद्या घालतात, किंवा हॉस्टेलमधल्या दोन फुटी टेबलावर असा खोका जागाही खातो आणि झोपही.

हे मार्गदर्शन अशाच खोलीसाठी आहे. १०८०पी (फुल एचडी) मॉनिटर आहे, पैसे मोजके आहेत, नवे गेम बऱ्या सेटिंगवर चालायला हवेत आणि शेजारी कुणी झोपलं असेल तर त्याला जाग यायला नको.

फॅन आवाज करतो कारण त्याला उष्णता बाहेर फेकायची असते, आणि पीसी जेवढे वॉट खातो तेवढी सगळी उष्णताच होते. म्हणून ‘सायलेंट’ लिहिलेल्या वस्तू गोळा करण्याआधी कमी वॉटचा पीसी ठरवायचा. वॉट कमी झाले की कूलर लहान चालतो, कॅबिनेट लहान चालतं, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि यूपीएसही लहान चालतात, आणि या सगळ्यात पैसेही वाचतात. तीनही अटी एकाच निर्णयातून सुटतात, तेव्हा तो निर्णय आधी घेऊ.

पायरी १: ग्राफिक्स कार्ड

गेमिंग पीसीत सर्वात जास्त वीज हेच खातं, म्हणून सुरुवात इथून. १०८०पीसाठी माझी मर्यादा साधारण १५०-१६० वॉट. त्यात बसणारी कार्डं अशी (आरटीएक्स एनव्हिडियाची, आरएक्स एएमडीची; जीबी म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी):

- आरटीएक्स ४०६०: ११५ वॉट, ८ जीबी. शांत पीसीसाठी माझ्या मते सर्वात सोयीचं कार्ड. योग्य भावात मिळालं तर पुढचा शोध थांबवा.
- आरटीएक्स ५०६०: १४५ वॉट, ८ जीबी. ४०६०पेक्षा वेगवान, थोडं गरम.
- आरएक्स ६६००: १३२ वॉट, ८ जीबी. जुनं झालं, पण पैसे खरंच कमी असतील तर अजूनही कामाचं.
- आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी: १६० वॉट. मर्यादेच्या काठावर, पण मेमरीमुळे जास्त वर्षं टिकेल.
- आरटीएक्स ३०५०, ६ जीबी: ७० वॉट, वेगळी पॉवर केबल लागत नाही. ऑफिसचा जुना पीसी गेमिंगला वळवायचा असेल तरच.

इंटेलचं आर्क बी५८० या यादीत नाही. १२ जीबी मेमरी आणि भाव पाहता ते मोहात पाडतं, पण ते १९० वॉटचं कार्ड आहे. शिवाय मदरबोर्डवर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू नसेल तर त्याची चाल मंदावते. मोठ्या कॅबिनेटसाठी चांगलं, आपल्या कामाचं नाही.

चिप ठरली की कंपनीचं मॉडेल ठरवायचं, आणि आवाज इथेच ठरतो. एकच चिप एक फॅनच्या बुटक्या कार्डातही येते आणि दोन फॅनच्या साधारण २४ सेंटिमीटर लांबीच्या कार्डातही. एक फॅनचं कार्ड छोट्या पीसीला शोभेलसं वाटतं, पण त्याचा हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा भाग) लहान असल्यामुळे फॅनला जोरात फिरावं लागतं. दोन फॅनचंच घ्या. ११५ ते १५० वॉटला तीन फॅनची गरज नसते. तो दिखाऊपणा, आणि लांबी वाढते ती वेगळीच. खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर एक गोष्ट मात्र नक्की पाहा: कार्ड थंड असताना फॅन पूर्ण थांबतात का. थांबत असतील तर अभ्यास करताना, सिनेमा पाहताना कार्डाचा आवाज शून्य.

एक फसगत सांगतो. ४०६०, ५०६०, ६६०० ही कार्डं मदरबोर्डच्या स्लॉटच्या १६ पैकी आठच लेन, म्हणजे माहिती जाण्याच्या वाटा, वापरतात. स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ४.० पिढीचा असेल तर काही बिघडत नाही. तो ३.० असेल तर रस्ता निम्मा होतो, आणि कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की गेम अडखळू लागतो. ए५२० आणि बी४५० मदरबोर्ड ३.० वर चालतात. रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हे प्रोसेसरही तसेच, मग मदरबोर्ड कितीही चांगला घ्या. ‘स्वस्तात मस्त’ म्हणून नेमकी हीच जोडी गळ्यात मारली जाते. जुन्या मदरबोर्डवरच कार्ड टाकायचं असेल तर ९०६० एक्सटी बघा. ते सोळाही लेन वापरतं.

आणि खेळणं फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकपुरतंच असेल तर? मग वेगळं कार्डच घेऊ नका. रायझन ५ ८६००जीमधलं अंगभूत ग्राफिक्स त्याला पुरतं. फक्त रॅमच्या दोन काड्या लावा, कारण ते ग्राफिक्स रॅमच मेमरी म्हणून वापरतं आणि एक काडी लावली तर त्याचा श्वास कोंडतो. असा पीसी एएसरॉकच्या डेस्कमिनी एक्स६०० मध्ये, म्हणजे दोन लिटरहून लहान डब्यात, मावतो.

पायरी २: प्रोसेसर

इथे फार विचार करू नका. सहा कोर, ६५ वॉट, बस्स. रायझन ५ ५६००, इंटेल आय५ १२४००एफ, किंवा नवी पिढी हवी असेल तर रायझन ५ ७६००. या कार्डांसोबत १०८०पीवर याहून महाग प्रोसेसर घेतल्यास बहुतेक गेममध्ये फरक दिसणार नाही, बिलात आणि फॅनच्या आवाजात मात्र दिसेल.

६५ वॉट हा आकडा शब्दशः घेऊ नका. १२४००एफ जोर लावल्यावर ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो, ७६०० हा ८८ वॉटपर्यंत. पण गेममध्ये सगळे कोर एकाच वेळी राबत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या बरंच खाली काम भागतं. रायझनमध्ये बायोसमधून (मदरबोर्डची मूळ सेटिंग) ४५ वॉटचा, कमी वीज खाणारा इको मोडही लावता येतो, आणि मे महिन्यात तो उपयोगी पडतो.

५६०० की ७६००? पूर्वी मी डोळे झाकून नवी पिढी सुचवली असती. एएम५ सॉकेटला (७६०० मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत बसतो तिला) २०२७ पर्यंत आणि पुढेही प्रोसेसर देत राहू, असं एएमडीनं सांगितलं आहे, म्हणजे नंतर फक्त प्रोसेसर बदलता येईल. पण एएम५ला डीडीआर५ रॅम लागते, आणि २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरकडे मेमरी वळल्यानं रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा घरात जुन्या पीसीतली डीडीआर४ची ८-८ जीबीची जोडी पडून असेल तर ५६०० आणि बी५५० बोर्ड, किंवा डीडीआर४ चालणाऱ्या बोर्डावर १२४००एफ, हाच शहाणपणाचा सौदा. जुनी रॅम नसेल तर खरेदीच्या दिवशी दोन्ही संचांची पूर्ण बेरीज मांडून बघा. नुसत्या प्रोसेसरच्या भावावरून ठरवू नका.

नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतं. ५६०० मध्येही नसतं. ७६०० मध्ये असतं, म्हणजे उद्या कार्ड वॉरंटीला गेलं तरी पीसी चालू राहील. सेवा केंद्रात कार्ड किती दिवस अडकून पडू शकतं हे ज्यांनी भोगलंय त्यांना याची किंमत सांगायला नको.

पायरी ३: छोटं म्हणजे नक्की किती छोटं

कॅबिनेटची लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि दहा लाखांनी भागा. उत्तर लिटरमध्ये येईल. नेहमीचं मिड-टॉवर ४५ ते ५० लिटरचं असतं.

सर्वात छोट्या पीसीसाठी मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड लागतो, १७० गुणिले १७० मिलिमीटरचा. कूलर मास्टरचं एनआर२०० हे त्या जातीतलं नावाजलेलं कॅबिनेट, जेमतेम सव्वाअठरा लिटरचं. दिसायला फार सुरेख. पण आपल्याकडे आयटीएक्स बोर्ड मोजकेच मिळतात आणि तेवढ्याच ताकदीच्या मोठ्या बोर्डापेक्षा महाग पडतात. त्याला लहान आकाराचा, एसएफएक्स जातीचा एसएमपीएस लागतो. तोही महाग, आणि त्यातला फॅन बहुधा ९२ मिलिमीटरचा, म्हणजे जास्त आवाजी. थोडक्यात, पुढे येणाऱ्या मायक्रो-एटीएक्स कॅबिनेटपेक्षा दहा-पंधरा लिटर वाचवायला जे जादा पैसे जातात त्यात ग्राफिक्स कार्ड एक पायरी वर गेलं असतं. दर सुट्टीला पीसी बॅगेत घालून गावी न्यायचा असेल तर आयटीएक्स घ्या. नाहीतर नको.

आपल्यासाठी मायक्रो-एटीएक्स. बोर्ड जास्तीत जास्त २४४ गुणिले २४४ मिलिमीटर, सहज मिळणारा. कॅबिनेट २५ ते ३५ लिटरचं शोधा. असूसचं प्राइम एपी२०१ हे ३३ लिटरचं आहे आणि चहूबाजूंनी जाळीचं. लियान लीचं ए३ सुमारे २६ लिटरचं. भाव आणि उपलब्धता बदलत राहते, म्हणून नावापेक्षा पुढच्या गोष्टी तपासा.

पहिली, जाळी. समोर बंद काच असलेल्या कॅबिनेटमध्ये फॅनला फटीतून हवा ओढावी लागते आणि तो ओरडतो. ‘आवाज कोंडणारं’ फोम लावलेलं बंद कॅबिनेटही आपल्या हवेत उलटं पडतं: आत उष्णता साठते, फॅन वाढतात, आणि वाढलेला आवाज फोमला आवरत नाही. दुसरी, कूलरसाठी किती उंची मिळते. १५५ मिलिमीटर तरी हवी. तिसरी, कार्डाची लांबी, आणि कार्डाच्या फॅनखाली मोकळी जागा. फॅन एसएमपीएसच्या झाकणाला चिकटून बसत असतील तर ते कॅबिनेट सोडा. चौथी, धुता येण्याजोगा धुळीचा फिल्टर. पुण्याला किंवा नागपूरला रस्त्याकडेला घर असेल तर ही चौथी गोष्ट पहिल्या क्रमांकावर न्या.

पायरी ४: कूलर आणि फॅन

प्रोसेसरसोबत येणारा कूलर थंड ठेवतो, पण शांत ठेवत नाही. त्याऐवजी १२० मिलिमीटर फॅनचा एक साधा टॉवर कूलर घ्या. डीपकूलचा एजी४०० १५० मिलिमीटर उंच आहे, थर्मलराइटचा असॅसिन एक्स १२० रिफाइन्ड एसई १४८. ६५ वॉटच्या प्रोसेसरसाठी यातला कुठलाही भरपूर झाला. लिक्विड कूलर नको: पंपाची सततची घरघर येते, आणि या वॉटला त्याची गरजच नाही.

फॅनचं गणित एकदा समजून घ्या, कारण पैसे इथे उगाच जातात. एकसारखे दोन फॅन त्याच वेगानं फिरवले तर आवाज सुमारे ३ डेसिबलनं वाढतो. पण एका फॅनचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलनं उतरतो. म्हणजे १५०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या एका फॅनऐवजी ७५० फेऱ्यांचे दोन लावले, तर हवा साधारण तेवढीच आणि आवाज १२ डेसिबल कमी. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज जवळजवळ निम्मा वाटतो. म्हणून दोन-तीन फॅन हळू फिरवा. सहाची गरज नाही.

पुढून दोन आत हवा घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा. चार पिनांचे पीडब्ल्यूएम फॅन घ्या, म्हणजे वेग हवा तसा बदलता येतो. आर्क्टिकचे पी१२ पीडब्ल्यूएम पीएसटी स्वस्त आहेत आणि एकाला एक जोडता येतात, याचा फायदा पुढे कळेल. रंगीत दिव्यांच्या फॅन-संचाबरोबर येणारा स्वस्त कंट्रोलर बऱ्याचदा वेग नीट उतरू देत नाही, तो टाळा.

पायरी ५: मदरबोर्ड, एसएमपीएस आणि उरलेलं

मदरबोर्डवर पैसे वाचवायला हरकत नाही. ६५ वॉटसाठी बी५५०, बी६५०, अगदी ए६२० किंवा एच६१०सुद्धा पुरतो. पण स्वस्त मायक्रो-एटीएक्स बोर्डावर कॅबिनेट फॅनसाठी बऱ्याचदा एकच जोडणी असते. तेव्हा एकाला एक जोडता येणारे फॅन, नाहीतर एक स्प्लिटर केबल. वायफाय आहे का तेही बघा. नसेल तर डोंगल लागेल.

एसएमपीएस ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवत असल्याचा शिक्का), नामांकित कंपनीचा, किमान पाच वर्षांच्या वॉरंटीचा. ४०६० आणि ५६०० चा पीसी गेममध्ये सगळं मिळून दोनशे-सव्वादोनशे वॉटच्या आसपास राहतो. अशा वेळी ५५० वॉटचा एसएमपीएस निम्म्याहून कमी भारावर चालतो आणि त्याचा फॅन संथ राहतो. ७५० वॉटचा घेऊन काही साधत नाही. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस मात्र कार्डाला जोडू नका, मग दुकानदार काहीही म्हणो.

कमी वॉटचा आणखी एक फायदा गावाकडे लगेच कळतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. हा पीसी आणि २४ इंची मॉनिटर त्यात बसतात. भारनियमनात वीज गेली तर गेम सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो.

रॅम १६ जीबी, दोन काड्यांत. डीडीआर४ असेल तर ३२०० किंवा ३६००, आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायला विसरू नका, नाहीतर रॅम आपल्या मूळ मंद वेगानंच चालत राहते. एसएसडी १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान जातीची), शक्यतो टीएलसी (जास्त टिकाऊ) मेमरीची. हार्ड डिस्क लावू नका. बाकी सगळं शांत केल्यावर फिरत्या तबकडीची करकर तेवढी ऐकू येत राहते. सिनेमे, फोटो साठवायला बाहेरची डिस्क ठेवा आणि लागेल तेव्हाच जोडा.

पायरी ६: खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन मागवा, प्रत्येक पार्टचं जीएसटी बिल स्वतःच्या नावावर घ्या आणि त्यावर सिरियल नंबर आहे का पाहा. ‘ट्रे पीस’ म्हणजे खोक्याविना मिळणारा प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याच्यावर सहसा कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नसते. दुकानदाराचा शब्द तेवढा असतो. परदेशातून नातेवाइकांकडून कार्ड मागवायचं असेल तर त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का ते आधी विचारा.

पैशांची वाटणी ढोबळमानानं अशी: कार्डाला एकूण रकमेच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास, एसएमपीएस आणि कूलरला तडजोड नाही, कॅबिनेट आणि मदरबोर्डमध्ये काटकसर.

पायरी ७: जोडल्यावरचं खरं काम

पार्ट चांगले घेऊनही पीसी आवाज करतो तो बहुतेक वेळा सेटिंग जशी आली तशीच ठेवल्यामुळे. फॅनचा एकसुरी आवाज कान विसरतो. त्रास होतो तो चढ-उताराचा. रायझन प्रोसेसरचं तापमान ब्राउझर उघडलं तरी क्षणभर उसळतं, आणि फॅन त्याच्यामागे धावतो. बायोसमधल्या फॅन कंट्रोलमध्ये जाऊन वेग वाढण्या-उतरण्याचा विलंब जास्तीत जास्त करा. मग वक्र, म्हणजे किती तापमानाला फॅन किती वेगानं, असा ठेवा: ६० अंशांपर्यंत ३५ टक्के, ७५ अंशांना ५५ टक्के, त्यापुढे चढत जाऊन ८५ला पूर्ण. ५६०० ला ९० अंशांपर्यंत आणि ७६०० ला ९५ अंशांपर्यंत चालायची मुभा आहे, तेव्हा ७५ बघून घाबरू नका.

कॅबिनेटचे फॅन प्रोसेसरच्या नव्हे, ग्राफिक्स कार्डाच्या तापमानावर चालायला हवेत, कारण गेममध्ये उष्णता तिकडून येते. बायोसला सहसा कार्डाचं तापमान दिसत नाही. विंडोजवर ‘फॅन कंट्रोल’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात हे जमतं.

आता फुकटातला सर्वात मोठा उपाय: फ्रेमवर (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांवर) मर्यादा. मॉनिटर ७५ हर्ट्झचा आणि गेम १६० फ्रेम फेकतोय, तर वरच्या सगळ्या फ्रेमचे वॉट वाया. एनव्हिडिया किंवा एएमडीच्या सॉफ्टवेअरमधून ७२-७५ वर मर्यादा घाला. कार्डाचे वॉट उतरतात, फॅन उतरतात, आणि कार्डातून येणारी बारीक किणकिण, जिला कॉइल व्हाइन म्हणतात, तीही बऱ्याचदा दबते. ही किणकिण विशेषतः गेमच्या मेनूमध्ये येते, कारण तिथे फ्रेम शेकड्यांत जातात.

त्यानंतर एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८०-८५ टक्क्यांवर आणा. बहुतेक गेममध्ये मोजके फ्रेम जातात, आवाजात मात्र कळण्याजोगा फरक पडतो. स्पर्धात्मक खेळणाऱ्यांना हे पटणार नाही; त्यांनी हेडफोन लावावेत.

सगळं झाल्यावर कॅबिनेट बंद करून अर्धा तास जड गेम चालवा आणि तापमान लिहून ठेवा. खोलीचं तापमानही सोबत लिहा, ते बहुतेक जण विसरतात. पीसीतलं तापमान खोलीपेक्षा किती जास्त, एवढंच खरं मोजमाप. डिसेंबरात पुण्यात २० अंशांच्या खोलीत कार्ड ६० दाखवत असेल, तर मे महिन्यात अकोल्याच्या ४० अंशांच्या खोलीत, फॅन त्याच वेगानं फिरले तर, ते ८०च्या घरात जाणार. म्हणून थंडीत लावलेला वक्र उन्हाळ्यात पुन्हा तपासावा लागतो. दिलासा एवढाच की तेव्हा छताचा पंखा पाचवर असतो आणि त्याच्यापुढे पीसीचा आवाज कुणाला ऐकू येत नाही.

फिल्टर महिन्यातून एकदा काढून पाण्याखाली धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. आतली धूळ ब्लोअरनं उडवताना फॅनची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोतानं ती भलत्या वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात पीसी आठवडाभर बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ चालवला तर आतला दमटपणा उडतो.